‘कोच बदला’ म्हणण्याआधी

(नंदुरबार येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

पुढच्या रांगांत मुलं-मुली बसली आहेत, त्यांच्यामागे पालक आहेत आणि भिंतीला टेकून जे उभे आहेत ते आपले क्रीडा शिक्षक. खुर्च्या रिकाम्या असतानासुद्धा उभे आहेत. ती सवय जात नाही. (हशा)

आजचा विषय तुमच्या रागाचा आहे. आपल्या कॉलेजचा कबड्डीचा संघ गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत फायनलला जातो, आणि या वर्षी पहिल्याच फेरीत हरून घरी येतो. मैदानाच्या कडेला लगेच चर्चा सुरू होते. ‘सरांना काही जमत नाही.’ ‘गेल्या वर्षी एवढी चांगली पोरं होती, वाट लावली.’ ‘कोच बदला.’ संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर हा ठराव एकमतानं मंजूर झालेला असतो.

राग येऊ नये असं मी म्हणणार नाही. तुम्ही ट्रॅक्टरमधून सामना बघायला येता, घसा बसेपर्यंत ओरडता, पोरांच्या बुटांसाठी वर्गणी काढता. राग यायला तुम्हाला हक्क आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की तो राग नेमका कशावर निघतो, आणि तिथे निघाल्यानं आपल्या जिल्ह्यातल्या मुलांचं काय होतं.

मोठ्या गावचं उदाहरण घेऊ, म्हणजे कोणाला लागणार नाही. मुंबईचा रणजी संघ. अपेक्षा म्हणजे काय हे मुंबईकडून शिकावं, तिथे उपविजेतेपदाला यश म्हणत नाहीत. चंद्रकांत पंडित तिथे प्रशिक्षक होते. २०१५-१६ च्या हंगामात त्यांच्या हाताखाली मुंबईनं ४१ वं विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात गेली आणि जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर गुजरातकडून हरली. एक विजेतेपद, एक उपविजेतेपद. पुढच्या हंगामासाठी मुंबईनं प्रशिक्षक बदलला.

पंडित विदर्भाकडे गेले. विदर्भ तोवर रणजीच्या अंतिम सामन्यात कधी पोहोचलाच नव्हता. १ जानेवारी २०१८ ला विदर्भानं दिल्लीला हरवून रणजी करंडक जिंकला, आणि तो कुठे? त्याच होळकर मैदानावर. वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. पुढच्या हंगामात पुन्हा विदर्भच. मग ते मध्य प्रदेशाकडे गेले. खेळाडू म्हणून पंडितांनी १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेशाचं नेतृत्व केलं होतं आणि बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर, पहिल्या डावात आघाडी घेऊनही, कर्नाटककडून अंतिम सामना गमावला होता. त्याच मैदानावर जून २०२२ मध्ये त्यांचा मध्य प्रदेश पहिल्यांदा रणजी विजेता झाला. समोर कोण होतं? मुंबई. आणि मुंबईला पुढचं विजेतेपद मिळालं मार्च २०२४ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी.

आता तुम्ही म्हणाल, बघा, मुंबईनं सोनं हातचं घालवलं, पंडित जादूगार आहेत. थांबा. हेच पंडित पुढे आयपीएलमध्ये कोलकात्याकडे गेले. २०२३ मध्ये संघ सातवा, २०२४ मध्ये विजेता, २०२५ मध्ये आठवा, आणि मग त्यांची सुट्टी. माणूस तोच, शिस्त तीच. तीन वर्षांत सातवा, पहिला, आठवा. शिवाय २०२४ च्या विजयाचं श्रेय बहुतेकांनी मार्गदर्शक गौतम गंभीरला दिलं, आणि आठव्या क्रमांकाचं खापर मात्र प्रशिक्षकावर फुटलं. विदर्भातसुद्धा पंडित येण्याआधीपासून तिथल्या संघटनेनं अकादमी चालवून पोरं तयार केली होती, वसीम जाफरसारखा माणूस संघात होता. मी पंडितांना लहान करत नाही. ते मोठेच प्रशिक्षक आहेत. पण निकालाच्या आकड्यावरून प्रशिक्षक किती मोठा हे वाचता येतं, असं आपण जे धरून चालतो, ते मला पटत नाही. का पटत नाही, ते करूनच बघू.

सगळ्यांनी एक-एक नाणं काढा. नसेल तर शेजाऱ्याकडून घ्या, परत द्या. (हशा) चार वेळा उडवा आणि किती वेळा छापा पडला ते मोजा. झालं? चारही वेळा छापा पडला त्यांनी उभं राहा. सात जण. शंभराहून जास्त लोकांत सहा-सात निघायचेच, कारण सोळात एकाला ते साधतं. टाळ्या वाजवा यांच्यासाठी. वा! काय हात आहे! आता एकदाही छापा पडला नाही ते उभे राहा. सहा जण. काय चाललंय काय? लाज वाटत नाही? सराव कुठे जातो? (हशा)

बरं, आता हे तेराच जण पुन्हा चार वेळा उडवा. ज्यांचं कौतुक केलं ते सांगा. तीन, दोन, दोन, एक, दोन, तीन, एक. सगळे खाली आले! कौतुकानं डोक्यात हवा गेली. आता ज्यांना झापलं ते. दोन, एक, तीन, दोन, शून्य, दोन. एक जण सोडला तर सगळे सुधारले. म्हणजे झापण्याचा उपयोग होतो, कौतुकानं पोरं बिघडतात, सिद्ध झालं की नाही?

तुम्ही हसताय, कारण नाण्याला माझं बोलणं ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण मैदानावर आपण हाच निष्कर्ष रोज काढतो. डॅनियल काह्नेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरुणपणी ते इस्रायलच्या हवाई दलातल्या विमानचालन शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना सांगत होते की शिक्षेपेक्षा शाबासकीनं माणूस जास्त शिकतो. एक अनुभवी प्रशिक्षक उठला आणि म्हणाला, माझा अनुभव उलटा आहे. चांगल्या उड्डाणाबद्दल शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं, वाईटाबद्दल ओरडलो की पुढचं सुधारतं. त्याचं निरीक्षण खरं होतं, कारण मात्र चुकीचं होतं. फार चांगल्या दिवसानंतर साधारण दिवस येतो, फार वाईट दिवसानंतरही साधारणच येतो. मध्ये ओरडा नाहीतर ओरडू नका. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

प्रशिक्षक बदलण्याचं गणित असंच फसवतं. प्रशिक्षक कधी बदलतात? संघ अगदी तळाला गेला की. तिथून तो बहुधा वर येणारच असतो. तो वर येतो आणि श्रेय नव्या माणसाला मिळतं. नेदरलँड्समध्ये बास टर वील या अर्थशास्त्रज्ञानं तिथल्या फुटबॉल लीगच्या १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास केला. सलग हरल्यावर ज्यांनी प्रशिक्षक काढला असे संघ एका बाजूला, तसेच सलग हरूनही ज्यांनी तो ठेवला असे दुसऱ्या बाजूला. पुढे दोन्ही गट सारखेच सावरले.

याचा अर्थ प्रशिक्षकानं काही फरकच पडत नाही असा नाही. नाण्याला शिकवता येत नाही, खेळाडूला येतं. पण एका सामन्याच्या, फार तर एका हंगामाच्या निकालात नशिबाचा वाटा एवढा असतो की त्यातून शिकवण्याचा वाटा वेगळा काढणं कठीण होतं. कबड्डीत शेवटच्या मिनिटाला एक बोनस पंचांनी दिला की नाही, यावर आपल्याकडे वर्षभराची अब्रू ठरते.

ताजं उदाहरण घ्या. अमोल मुजुमदार. शाळेत असताना, १९८८ साली, सचिन आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागी करत होते तेव्हा पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा. मुंबईसाठी धावांचे डोंगर रचले, भारतासाठी एकदाही खेळायला मिळालं नाही. आता मघाची गोष्ट जोडा. २०२२ च्या त्या अंतिम सामन्यात पंडितांच्या मध्य प्रदेशाकडून हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक हेच मुजुमदार. पुढच्या हंगामात तर मुंबई रणजीच्या उपांत्यपूर्व फेरीतही गेली नाही. मुंबईच्या मापानं अपयशी माणूस. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारताच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले.

२०२५ च्या विश्वचषकात काय झालं ते तुम्ही पाहिलंत. ९ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेकडून हार, १२ ला ऑस्ट्रेलियाकडून, १९ ला इंदूरमध्ये इंग्लंडकडून चार धावांनी. सलग तीन. लोक काय म्हणत होते? पाचच गोलंदाज का खेळवता, सहावा घ्या. इंग्लंडविरुद्ध सहावा गोलंदाज घेतला, त्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं, तरी हरलो. मग ओरड झाली की जेमिमाला का बसवलं! तेच लोक. मी त्यांना नावं ठेवत नाही, घरी सोफ्यावर बसून मीही हेच म्हणालो असेन. पुढे जेमिमा परत आली आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७ करून गेली. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत विश्वचषक आपला झाला.

अंतिम सामन्यात सर्वोत्तम ठरली शेफाली वर्मा. ८७ धावा आणि दोन बळी. ती मूळ संघातच नव्हती, प्रतीका रावल जखमी झाली म्हणून ऐन वेळी तिला बोलावलं. यात प्रशिक्षकाचं श्रेय किती आणि योगायोगाचं किती, सांगा बरं? २० ऑक्टोबरला ‘कोच बदला’चा ठराव कोणी मंजूर केला असता, तर ३ नोव्हेंबरला त्याला काय म्हणायचं होतं?

जुन्या मंडळींसाठी अजित वाडेकरांचं नाव घेतो. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या, १९७२-७३ मध्ये घरी पुन्हा इंग्लंडला हरवलं. त्या विजयांच्या कौतुकात इंदूरला सिमेंट-काँक्रीटची भलीमोठी बॅट उभी केली होती, विजय बल्ला. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ३-० ने हरलो, लॉर्ड्सवर सगळा संघ ४२ धावांत बाद झाला. तर त्याच बल्ल्याला लोकांनी काळं फासलं. वाडेकर पश्चिम विभागाच्या संघातूनही बाहेर गेले आणि त्यांनी खेळणं सोडलं. पुढे १९९२ पासून ते भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणजे खरं तर प्रशिक्षकच होते. १९९३ ला इंग्लंडला घरात ३-० हरवलं तेव्हा वाहवा झाली. १९९६ च्या विश्वचषकात ईडन गार्डनवर १ बाद ९८ वरून ८ बाद १२० झाले, स्टँडमध्ये आगी लागल्या, बाटल्या पडल्या, सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. त्यानंतरच्या दौऱ्यावर प्रशिक्षक म्हणून संदीप पाटील गेले. एकाच माणसाच्या आयुष्यात हे चक्र दोनदा फिरलं. मला यात एक गोष्ट दिसते. बल्ला उभारणारेच काळं फासतात. १९७१ च्या आधी भारत इंग्लंडमध्ये मालिका जिंकेल अशी कोणाची अपेक्षाच नव्हती, तेव्हा हरल्याचा एवढा रागही नव्हता. अपेक्षा विजयानं वाढते, आणि ती सगळ्यात उंच विजयाच्या मापानं वाढते, सरासरीच्या नाही.

अमेरिकेत हे फार स्पष्ट दिसतं. तिथे कॉलेजच्या बास्केटबॉलचं वेड आपल्या आयपीएलसारखं आहे. मार्चमध्ये ६८ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा होते, एक सामना हरला की घरी. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात जॉन वुडन नावाचे प्रशिक्षक १९४८ मध्ये आले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद कधी? १९६४ मध्ये. सोळा हंगाम लागले. आपल्याकडे सोळा महिने मिळतील का? (हशा) मग बारा वर्षांत दहा विजेतेपदं मिळवून १९७५ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी जीन बार्टो आले. दोन हंगामांत ६१ सामने, ५२ जिंकले, फक्त ९ हरले. लोक नाराज! कारण करंडक आला नाही. बार्टो वैतागून अलाबामा राज्यातल्या एका विद्यापीठाचा नवाकोरा संघ बांधायला निघून गेले. यूसीएलएला पुढचं विजेतेपद १९९५ मध्ये मिळालं.

याच्या उलट व्हर्जिनिया विद्यापीठ. २०१८ मध्ये ते स्पर्धेचे अव्वल मानांकित होते आणि पहिल्याच सामन्यात शेवटच्या, म्हणजे सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून तब्बल २० गुणांनी हरले. पुरुषांच्या त्या स्पर्धेत असं आधी कधीच झालं नव्हतं. देशभर टिंगल झाली. विद्यापीठानं प्रशिक्षक टोनी बेनेट यांना ठेवलं. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तोच प्रशिक्षक आणि बरीचशी तीच पोरं राष्ट्रीय विजेती झाली.

आता आपल्याकडे येऊ. वरच्या सगळ्या माणसांना प्रशिक्षणाचा पगार मिळत होता. आपला ‘कोच’ कोण असतो? कॉलेजात एक क्रीडा संचालक. कबड्डी त्यांच्याकडे, खो-खो त्यांच्याकडे, व्हॉलीबॉल, धावणं, बुद्धिबळ, सगळं त्यांच्याकडे. आश्रमशाळेत तर क्रीडा शिक्षक असेल तर नशीब, नाहीतर मराठीच्या सरांच्या गळ्यात शिट्टी. वर परीक्षेचं काम, निवडणुकीचं काम. प्रवेश जून-जुलैत होतात, संघ निवडायचा ऑगस्टमध्ये, लगेच विभागाच्या स्पर्धा, तिथून आंतरविभागीय. धडगावचा मुलगा पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की दोन दिवस येत नाही. दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यात तुमचा उजवा कोपरारक्षकही जातो. आणि तीन वर्षं झाली की पदवी घेऊन संघ मोकळा. गेल्या वर्षी फायनल खेळलेल्या सातांपैकी या वर्षी किती उरले, हे टपरीवर कोणी मोजतं का? संघ तोच नसतो, फक्त जर्सी तीच असते.

आणि अपेक्षा मात्र वाढलेल्या आहेत, त्यालाही कारण आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. पोलीस भरतीत १६०० मीटर धावावं लागतं. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजला आलंय, तिथे खेळाचं प्रमाणपत्र ही हौस राहत नाही, ती भाकरी होते. बाप जेव्हा सरांवर चिडतो तेव्हा तो चषकासाठी चिडत नाही, पोराच्या नोकरीसाठी चिडतो. हा राग मला कळतो. पण नेमका हाच राग प्रशिक्षकाला वाकड्या वाटेला लावतो. ज्याला या वर्षीच निकाल दाखवायचाय तो नव्या पोरीला संधी देत नाही, तयार चार खेळाडूंवरच सगळा भार टाकतो, दुखरा गुडघा पट्टी बांधून खेळवतो. आणि पोरं दमली तरी पळवतो.

इथे जरा थांबतो, कारण आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट जिवाशी येते.

सिकलसेल काय असतं हे इथे कोणाला समजावून सांगायला नको, बऱ्याच घरांत कार्ड आहे. आई आणि वडील दोघांकडूनही तो जनुक आला तर मूल रुग्ण, एकाकडूनच आला तर वाहक. वाहकाला एरवी काही त्रास नसतो. तो शेतात राबतो, खेळतो, पळतो, अगदी धट्टाकट्टा दिसतो. पण उन्हात, पाणी न पिता, विश्रांती न देता जोरजोरात पळवत ठेवलं, तर वाहकाच्याही रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. प्रसंगी जीव जातो. २००६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या राइस विद्यापीठातला १९ वर्षांचा फुटबॉलपटू सरावानंतर असाच गेला. तो वाहक होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. त्यानंतर २०१० पासून तिथल्या सर्वोच्च श्रेणीच्या कॉलेज खेळांत खेळाडूंची सिकलसेल चाचणी नियमात आली.

अशा वेळी खेळाडू काय म्हणतो ते नीट ऐका. तो म्हणतो, ‘सर, पायातला जीव गेला.’ पेटका आलेला माणूस विव्हळतो, त्याचा स्नायू दगडासारखा घट्ट होतो. याचा तसा दिसेलच असं नाही. याचे पाय नुसते लुळे पडतात, तो खाली बसतो, बोलत असतो. बघणाऱ्याला वाटतं, नाटक करतोय. कडेला उभे असलेले आपण ओरडतो, ‘ऊठ रे, पळ!’ आणि नोकरीच्या धाकातला प्रशिक्षक आपलं ऐकतो. त्या क्षणी प्रशिक्षकानं काय करायला हवं? खेळ थांबवायचा, सावलीत न्यायचं, शुद्धीत असेल तर पाणी द्यायचं, गाडी बोलवायची आणि दवाखान्यात ‘हा सिकलसेलचा असू शकतो’ हे सांगायचं. सामना हरला तर हरला. असा सामना हरणाऱ्या सरांना तुम्ही टपरीवर काय म्हणता, यावर पुढचे सर काय करतील ते अवलंबून आहे.

म्हणून मी म्हणतो, गुणफलक बघण्याऐवजी एकदा सरावाला येऊन बसा. संध्याकाळी साडेचारला. पोरं वेळेवर येतात का, सर येतात का. पाण्याची टाकी भरलेली आहे का. हंगामाच्या पहिल्याच दिवशी दहा फेऱ्या मारायला लावतात की हळूहळू वाढवतात. जूनमध्ये ज्या मुलीला पकडीत उभं राहता येत नव्हतं, तिला ऑक्टोबरमध्ये येतं का. राखीव खेळाडूला सर नावानं हाक मारतात की ‘ए, तू’ म्हणतात. हे चार महिन्यांत दिसतं, त्याला फायनल लागत नाही. आणि हे दिसत नसेल, तर संघ जिंकत असला तरी चिडा. तेव्हा मीही तुमच्याबरोबर येईन.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न (एक पालक): मग सर, कोच कधीच बदलायचा नाही का?

बदलायचा ना. आणि गंमत अशी की जिथे बदलायला हवा तिथे आपण बदलू देत नाही. अमेरिकेतच इंडियाना विद्यापीठात बॉबी नाइट प्रशिक्षक होते. १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. माणूस संतापी. १९९७ च्या सरावात त्यांचा हात एका खेळाडूच्या गळ्यावर गेला होता, त्याची चित्रफीत २००० मध्ये बाहेर आली. विद्यापीठानं ताकीद दिली, पुन्हा प्रकार घडला, सप्टेंबर २००० मध्ये त्यांना काढलं. तर हजारो विद्यार्थी निषेधाला रस्त्यावर आले, कुलगुरूंच्या घरावर चाल करून गेले. प्रशिक्षकाच्या बाजूनं! का? कारण तीन करंडक. निकालाचंच माप लावलं की चांगल्या माणसाला काढा म्हणतो आणि मारणाऱ्याला ठेवा म्हणतो. मुलांवर हात टाकणारा, जखमीला खेळवणारा, मुलींशी नीट न वागणारा माणूस, त्यानं दहा ढाली आणल्या तरी दुसऱ्या दिवशी मैदानावर दिसता कामा नये. त्यासाठी पुढच्या हंगामाची वाट बघायची नाही.

प्रश्न (एक विद्यार्थिनी): सर, आमच्याकडे ओळखीच्या मुलींनाच घेतात. बोललं तर संघातूनच काढतात.

बेटा, एकटीनं बोलू नकोस. तिघी-चौघी मिळून जा. आणि ‘तुम्ही अन्याय करता’ असं म्हणू नका, ‘निवड चाचणीची तारीख फलकावर लावा आणि निकष लिहा’ एवढंच मागा. किती चढाया बघणार, किती पकडी, कोण बघणार. ते लिहिलं की ओळखीला जागा कमी उरते. प्राचार्यांना अर्ज द्या, पोच घ्या. पोच फार महत्त्वाची. मैदानावर आरडाओरडा केलात तर तुम्ही बेशिस्त ठरता, अर्ज दिलात तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. आणि हे मागे जे सर लोक उभे आहेत त्यांना सांगतो, तारीख लावलीत तर निम्म्या शिव्या वाचतील. (टाळ्या)

प्रश्न (एक पालक): सिकलसेलची तपासणी शाळेत झाली होती, पण कार्ड सापडत नाही. वाहक असेल तर पोराला खेळवायचं की नाही?

पुन्हा तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी होते, ती आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करतात, म्हणजे रुग्ण की वाहक ते कळतं. रुग्ण असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. वाहक असेल तर खुशाल खेळू द्या, कबड्डी खेळू द्या, भरतीची तयारी करू द्या. भार हळूहळू वाढवायचा, मध्ये दम खायला वेळ, पाणी भरपूर, आणि ताप किंवा जुलाब असतील त्या दिवशी मैदान बंद. सरांना एकांतात सांगा, चारचौघांत नाही. कार्डाची एक झेरॉक्स त्यांच्याकडे द्या. आणि सर, तुमच्याकडे ती आली म्हणून पोराला संघातून काढू नका. तसं झालं तर पुढच्या वर्षी एकही आई तुम्हाला कार्ड दाखवणार नाही.